बेलफळ आणलं तर सासूबाई म्हणतात 'हे नाही'. मग कोणतं?

मागचं_अंगण (मुलुंड पूर्व), १४ एप्रिल

नमस्कार. प्रश्न जरा लांबतोय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल म्हणून सगळं लिहिते.

आमच्या सोसायटीच्या मागे, पंपाच्या खोलीला लागून एक बेल आहे. इमारत उभी राहिली त्या वर्षी तळमजल्यावरच्या काकांनी लावलेला. काका आता नाहीत. श्रावणात या झाडाला सगळे ओळखतात. सोमवारी बेल तोडायचा नाही, म्हणून रविवारी संध्याकाळीच लोक पिशव्या घेऊन उतरतात आणि सोमवारी सकाळी खालच्या फांद्या ओक्याबोक्या झालेल्या असतात. उरलेलं वर्षभर ते झाड कुणाचंच नसतं. होळीनंतर फळं पडायला लागली की मात्र तक्रारी सुरू होतात. परवा एक फळ तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरवर पडून आरसा फुटला. तेव्हापासून फांद्या छाटून टाकायची भाषा चालू आहे.

आता मूळ गोष्ट. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. माहेर शहापूर तालुक्यातलं, लग्नानंतरचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून त्यांचं पोट बिघडलंय. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, पातळ होतं, कधीकधी आव पडते, जेवून उठल्या की पोटात कळ येते. ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या असेपर्यंत जरा बरं, मग पुन्हा तेच. बहिणीच्या नातीचा साखरपुडा डोंबिवलीला होता. नेसायचं लुगडं आदल्या रात्री काढून ठेवलं होतं त्यांनी, आणि सकाळी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मला वाटेत लागलं तर कुठे जाऊ?" ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

त्या पहिल्या आठवड्यापासून एकच सांगतायत, "बेलफळ आण, भाजून दे." शेवटी रविवारी मी झाडाखालून चांगलं पिवळं झालेलं फळ आणलं. ओट्यावर बत्त्याने फोडलं. आतला गर केशरी-पिवळा, वास इतका गोड की स्वयंपाकघर भरून गेलं. बियांभोवती पारदर्शक चीक होता, बोट लावलं तर हातभर तार निघाली. वाटीत घालून त्यांच्यापुढे नेलं. त्यांनी वास घेतला आणि वाटी बाजूला सारली. "हे नाही गं. हे शिवरात्रीनंतरचं. मला शिवरात्रीच्या आधीचं हवं." त्यांची आई म्हणे बेलाच्या चकत्या दोऱ्यात ओवून चुलीवरच्या आढ्याला टांगायची आणि घरात कुणाला मुरडा झाला की त्यातली चकती उतरवायची.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शिवरात्रीच्या आधीचं आणि नंतरचं यात खरंच काही फरक आहे का, आणि असला तर एप्रिलमध्ये ते आधीचं फळ आणू कुठून? दुसरं, शेजारच्या काकू म्हणतात की बेलाच्या पानांचा रस रोज सकाळी अर्धी वाटी द्या, पोटही सुधारेल आणि शुगरही उतरेल. सासूबाईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रस देऊ का?

---

गिरगावकर, १४ एप्रिल

आमच्याकडे उन्हाळ्यात बेलाचं सरबत व्हायचं. गर पाण्यात कुस्करायचा, चाळणीतून गाळायचा, गूळ आणि वेलची घालायची. आई मुरंबाही करायची. आम्हा मुलांना कधी काही झालं नाही. फळ फोडलंच आहे तर सरबत करून द्या, थंड असतं.

---

परळची_वैद्य, १५ एप्रिल

ताई, मी तीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस केली, आता थांबले आहे. तुमच्या सासूबाईंनी ती वाटी बाजूला सारली हे फार बरं केलं. वरच्या उत्तरातलं सरबत तुम्ही-आम्ही प्यावं. त्यांना आत्ता देऊ नका.

बेलाच्या बाबतीत लोकांचा इथेच घोटाळा होतो. कोवळं बेलफळ आणि पिकलेलं बेलफळ ही औषध म्हणून दोन वेगळी द्रव्यं आहेत असंच धरून चाला. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सरळ म्हटलंय की बाकीची फळं पिकल्यावर गुणी, बेल तेवढा कच्चा गुणी. चरकांनी तर पिकलेल्या बेलाला पचायला जड आणि पोटात घाण वारा धरणारा म्हटलंय, आणि कोवळ्याला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, वाढवणारा. कोवळ्या गरात तुरटपणा, म्हणजे टॅनिन, भरपूर असतं. ते सैल झालेल्या आतड्याला आवळतं. फळ पिकत जातं तसा तुरटपणा उतरतो, साखर वाढते, तुम्ही बोटाने ओढलात तो चीक वाढतो, आणि तेच फळ पोट साफ करायच्या कामाला लागतं. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला मी स्वतः पिकलेला बेल सांगत असे. जुलाब होणाऱ्याला तो दिला तर त्रासात भर.

आता 'शिवरात्रीच्या आधीचं' म्हणजे काय? बेलाचं फळ झाडावर जवळजवळ वर्षभर राहतं. वैशाख-ज्येष्ठात फूल येतं, पावसात फळ धरतं, आणि पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो. मार्गशीर्ष-पौषात ते लिंबापेक्षा मोठं, संत्र्याएवढं, हिरवंगार असतं. काप करायचे ते तेव्हा. शिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला. त्यानंतर ऊन चढतं आणि फळाचा हिरवा रंग उतरायला लागतो. शहापूरकडच्या बायकांनी ही खूण धरली ती झाडाकडे बघूनच धरली असणार. माझ्या गुरूंनी मला महिना सांगितला होता, अशी सणाची खूण सांगितली असती तर मी कधीच विसरले नसते.

आढ्याला टांगलेल्या चकत्यांना आपल्याकडे बेलकाचरी म्हणतात. एप्रिलमध्ये ताजं कोवळं फळ मिळणार नाही, पण बेलकाचरी काष्ठौषधीच्या दुकानात बारा महिने मिळते. भुलेश्वरला मिळेल, दादरलाही मिळेल. पण घेताना डोळ्यांनी पारखून घ्या, कारण कवठाचे वाळके काप बेल म्हणून गळ्यात मारतात. दोन्ही झाडं लिंबाच्याच कुळातली, कवचही दोघांचं टणक, वाळल्यावर रंगही सारखा. चकती उजेडाकडे धरायची. बेलाच्या आडव्या चकतीत मधल्या गाभ्याभोवती आठ-दहा, कधी पंधरापर्यंत खोल्या गोलाकार मांडलेल्या दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि बिया त्या खोल्यांमध्ये असतात. कवठात खोल्या नसतात, बिया गरभर कशाही विखुरलेल्या. आणि दुकानदाराने चूर्णच पुढे केलं तर घेऊ नका. चूर्णात तुम्ही काय ओळखणार?

वापर कसा ते सांगते, पण पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय काही करू नका. बेलकाचरीचं बारीक चूर्ण, त्यात किंचित सुंठ, ताज्या गोड ताकातून. किंवा ताजं कोवळं फळ निखाऱ्यात भाजून त्याचा गर गुळाबरोबर. सासूबाई 'भाजून दे' म्हणतात ते हेच. शहरात गॅसवर भाजणार असाल तर आधी कवचाला सुईने किंवा खिळ्याने भोक पाडा. बंद कवचात वाफ कोंडली की फळ तडकतं. आमच्या घरी एकदा असंच फुटून उकळता गर भिंतीवर उडाला होता, थोडक्यात डोळा वाचला.

आता महत्त्वाचं. ७८ वर्षांच्या बाईला सात आठवडे जुलाब आणि आव, यावर मी इथे बसून बेल सांगणार नाही. चार दिवसांच्या मुरड्याचं औषध म्हणून बेल उत्तम आहे, पण सात आठवडे चाललेल्या गोष्टीचं कारण आधी शोधावं लागतं. मला हे सांगा: रक्त पडतं का? वजन उतरलंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? आणि फेब्रुवारीत एखादी गोळी नवी सुरू झाली किंवा वाढली का? मधुमेहाच्या गोळीचं नाव काय? तोवर पाणी कमी पडू देऊ नका. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवून थोडं थोडं पाजा. या वयात शरीर कोरडं पडलं की चक्कर येऊन पडणं, हाड मोडणं, सगळं मागोमाग येतं.

पानांच्या रसाबद्दल स्पष्ट सांगते, देऊ नका. बेलाच्या पानाने साखर उतरते असं परंपरेत आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतही दिसलंय. म्हणूनच भीती. आधीच गोळ्या चालू, जुलाबाने खाणं कमी, त्यात अर्धी वाटी रस. साखर एकदम खाली गेली तर घाम फुटून, भान हरपून पडतील. आणखी एक. २०१३ साली अमेरिकेत हवाई बेटांवर वजन उतरवायची एक गोळी घेणाऱ्या बऱ्याच लोकांच्या यकृताला इजा झाली होती. त्या गोळीत बेलाच्या पानातल्या एजेलिन नावाच्या द्रव्याची कारखान्यात बनवलेली नक्कल होती. पिंडीवरचं एखादं पान प्रसाद म्हणून चावलं तर काही होत नाही. पण पानाचा अर्क किंवा रस रोज मापाने घ्यायला लागलं की ते औषध झालं, आणि औषधाला जेवढी काळजी लागते तेवढी त्यालाही लागते.

---

मागचं_अंगण, १५ एप्रिल

वैद्य ताई, डोळ्यांत पाणी आलं तुमचं उत्तर वाचून. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'शिवरात्रीच्या आधीचं' या ओळीला त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं. रक्त नाही. वजन दोन किलो उतरलंय. रात्री उठावं लागत नाही, सगळं सकाळी आणि जेवणानंतर. गोळीचं नाव मेटफॉर्मिन. पूर्वी दिवसाला एक होती, फेब्रुवारीत रिपोर्ट वाढून आला म्हणून दोन झाल्या. तारीख पाहिली, १९ फेब्रुवारी. हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. पोटासाठी गेलो त्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही, कारण शुगरचे डॉक्टर वेगळे आणि त्यांची फाईल वेगळी.

---

परळची_वैद्य, १५ एप्रिल

उद्याच्या उद्या गोळ्यांची पाकिटं आणि दोन्ही फायली घेऊन शुगरच्या डॉक्टरांकडे जा. मेटफॉर्मिनने पुष्कळ जणांचं पोट बिघडतं, विशेषतः मात्रा वाढवल्यावर. ती गोळी चांगली आहे, मनाने बंद करू नका. पण शौचाची तपासणी मागून घ्या आणि वजन उतरल्याचं आवर्जून सांगा. गोळीच कारण आहे असं आधीच ठरवून मोकळं होऊ नका, या वयात आतड्याच्या दुसऱ्या आजारांकडेही बघावं लागतं.

---

वसईकर, १७ एप्रिल

औषधातलं मला कळत नाही, पण बेलाचं आमच्या वसईशी एक जुनं नातं आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गार्सिया द ऑर्टा नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेट त्या काळी त्याच्याकडे खंडाने होतं, फोर्टमधल्या जुन्या किल्ल्याच्या जागी त्याचं घर होतं. हिंदुस्थानातल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात बेलफळ आहे, आणि आहे ते हगवणीवरचं औषध म्हणूनच. तो लिहितो की वसईत या फळाला 'बेली' म्हणतात हे त्याला माहीत होतं, मग त्याने इथल्या वैद्यांना विचारलं की खरं नाव कोणतं, बेली की श्रीफळ? त्यांनी सांगितलं, श्रीफळ हे वैद्यांचं नाव. (आज आपण श्रीफळ म्हणतो तो नारळ, इथे मात्र बेलच.) साडेचारशे वर्षांपूर्वी वसईतल्या कुणा वैद्याने परक्या माणसाला समोर बसवून हे समजावलं, आणि आज आपण मुलुंड-परळ-वसई तेच बोलतोय. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

पोर्तुगिजांना हे फळ त्यांच्याकडच्या मार्मेलो नावाच्या फळासारखं वाटलं, म्हणून ते त्याला बंगालचा मार्मेलो म्हणत. बेलाचं शास्त्रीय नाव एगल मार्मेलोस, त्यातलं मार्मेलोस आलं ते तिथूनच. ऑर्टा १५६८ मध्ये गेला. तो मूळ ज्यू घराण्यातला होता. तो लपून ज्यू धर्म पाळत होता असं ठरवून मेल्यानंतर बारा वर्षांनी पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. हे इथे सांगण्यासारखं नाही कदाचित, पण बेलाचं झाड दिसलं की मला तो माणूस आठवतो.

मागचं_अंगण, ते झाड तोडू देऊ नका. सोसायटीच्या आवारातलं असलं तरी महापालिकेच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. कमिटीला तो दाखवा.

---

मागचं_अंगण, ९ मे

उशिरा लिहितेय, पण पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

शुगरच्या डॉक्टरांनी दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहिल्या. शौचाची तपासणी, रक्त, पोटाची सोनोग्राफी करून घेतली. काही वावगं निघालं नाही. मेटफॉर्मिनची मात्रा कमी केली आणि पोटात हळूहळू सुटणारी गोळी दिली, तीही जेवणाबरोबर घ्यायची. सोबत दुसरी एक गोळी सुरू केली. म्हणाले, तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुर्बिणीची तपासणी करायची. आठव्या दिवशी सासूबाई दुपारी जेवून उठल्या आणि तशाच दिवाणावर लवंडल्या, झोपल्यासुद्धा. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आज जेवणानंतर त्या गेल्याच नाहीत. आता दिवसातून एकदाच, बांधून होतं. आव नाही. वजन अर्धा किलो भरलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय.

बेलकाचरी मात्र मी आणून ठेवली. उजेडाकडे धरून पाहिली. पहिल्या दुकानात बिया विखुरलेल्या, ती सोडून दिली. दुसऱ्या दुकानात तुम्ही म्हणालात तसं चाक दिसलं. सासूबाईंनी एक चकती जिभेवर ठेवली, चेहरा आवळला आणि म्हणाल्या, "हं. हे ते." डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिलेली नाही, बरणीत आहे. त्यांना वापरायची घाई नाही, घरात आहे एवढंच त्यांना पुरतं.

झाडाचं सांगते. कमिटीच्या बैठकीत मी वसईकरांचा कायदा सांगितला, आणि वैद्य ताईंचा महिनाही. फळं पिकून पडतात म्हणून आरसे फुटतात. पौषात हिरवी असतानाच बरीचशी उतरवली तर पडायला उरतीलच किती? वरची थोडी पक्ष्यांना आणि सरबताला राहू द्यायची. सचिव आधी गप्प होते, मग म्हणाले की त्यांची आजीही बेलाच्या चकत्या टांगायची, ते विसरूनच गेले होते. बांबूला आकडी आणि खाली धरायला चादर, एवढ्यावर ठरलं. जानेवारीतला रविवार धरलाय. झाड पुरतं निष्पर्ण झालं होतं, आता कोवळी पालवी आलीय आणि परवापासून हिरवट-पांढऱ्या कळ्या दिसतायत. सासूबाई रोज खिडकीतून बघतात आणि मला महिने मोजून दाखवतात.

एकच विचारायचं राहिलं. हिरव्या फळाचे काप करायला विळी चालेल का? सासूबाई म्हणतात त्यांची आई विळीवरच करायची, पण ते कवच बघून मला भीती वाटते.

---

परळची_वैद्य, १० मे

फार बरं वाटलं वाचून. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

त्यांच्या आईचा हात विळीवर बसलेला असणार, तुम्ही कोयता घ्या. फळ हातात धरू नका, जाड पाटावर ओलं फडकं घालून त्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पहिला घाव मधोमध आडवा. करंगळीएवढ्या जाडीच्या चकत्या पुरे. मुंबईच्या दमट हवेत याहून जाड ठेवल्या तर आतून बुरशी धरते. गच्चीवर चार-पाच दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी घरात घ्या. चकती मोडताना कट्कन आवाज आला की वाळली असं समजा.

---

मागचं_अंगण, १० मे

सांगितलं त्यांना. म्हणाल्या, कोयता चालेल, पण दोऱ्यात ओवायचं काम माझं.